माझ्यातलं चुकीचं नाव

मित्रांनो, तोंड दाखवायला लाज वाटते, तरी सांगते. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजची जुनी कीटकपेटी आहे. सागवानाची, काचेच्या झाकणाची. सुखराम सुताराने मला घडवलं आणि यादोराव सरांनी मला भरलं.

माझ्यात लांब मिशांच्या, दोन पंखांच्या माश्यांचं एक कुटुंब राहायचं. आधी डास. मग गादमाशी. ती धानाच्या कोंबात शिरते, कोंबाचा पोकळ चंदेरी पोंगा होतो आणि लोंबी येतच नाही. मग चिलट. दिसायला डासासारखं, पण चावत नाही. पिल्लं पाण्याखालच्या चिखलात लाल अळ्या होऊन राहतात, मासे त्या आवडीने खातात. शेवटी वाळूमाशी. एवढ्याशा जिवांना टाचणी टोचता येत नाही, म्हणून सर त्यांना कागदाच्या तिकोनावर डिंकाने चिकटवायचे, तो तिकोन टाचणीवर खोवायचे आणि भिंगातून मिशा तपासूनच नाव लिहायचे. मुलं वाकून वाकून बघायची. मला फार मान होता.

सर निवृत्त झाले आणि माझ्यात डांबरगोळ्या टाकायचं कोणाला सुचलं नाही. किडे शिरले, गादमाशी खाऊन गेले. रिकामी टाचणी तेवढी उरली.

पुढे तपासणीची समिती यायची ठरली. यादोराव सरांच्या जागी आलेल्या मनिष सरांनी घाईघाईत रिकामी टाचणी काढून टाकली आणि जुन्या यादीवरून नवी छापील नावं डावीकडून ओळीने चिकटवली. शेवटी एक नाव उरलं. ते त्यांनी खिशात घातलं. समितीने मला छान म्हटलं आणि मीही फुशारले. माझ्या पोटातल्या चिलटाखाली 'गादमाशी' लिहिलंय, हे मला ठाऊक होतं, मित्रांनो.

त्याच पावसाळ्यात जवळच्या गावातली शेतकरी रुखमिणीबाई आली. शेतातल्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, तिने पहिल्यांदाच मासोळीचं बीज सोडलं होतं. तिने काडीपेटी उघडून दाखवली.

"सर, बोडीवर सांजच्याले ह्या माशा थव्यानं उडून राहिल्या. ह्या गादमाशा त् नाही नं?"

मनिष सरांनी काडीपेटी माझ्या काचेवर धरली. "हुबेहूब आहे काकू. पाहा, नाव लिहूनच आहे."

धानात पोंगे दिसतात का, एवढं जरी त्यांनी विचारलं असतं! तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि बोडीला लागून असलेल्या सगळ्या बांध्या, म्हणजे धानाचे तुकडे, फवारल्या.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली. "माशा गेल्या सर, पण बोडीतल्या मासोऱ्याही गेल्या. साऱ्या पालथ्या पडल्या. माह्याच हातानं औषध जास्त पडलं असन." ती माझ्याकडे बघत म्हणाली, "पेटी होती म्हणून धान तरी वाचलं."

धानाला काही झालंच नव्हतं. त्या क्षणी माझी काच तडकली असती तर बरं झालं असतं.

महिन्याभराने यादोराव सर सहज भेटायला आले. भिंग लावून त्यांनी एकदाच पाहिलं. "मनिष, ह्याच्या मिशा पिसावानी आहेत. गादमाशीच्या मण्यावानी राह्यतेत. हे चिलट होय, बाबू."

मनिष सरांचा चेहरा उतरला. यादोराव सर गेल्यावर त्यांनी गुपचूप नावं बदलली. मग फोन काढून रुखमिणीबाईचा नंबर शोधला, बराच वेळ त्याकडे पाहिलं आणि फोन खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. नंतर त्यांनी नंबर शोधणं सोडलं.

आता माझ्यात एकही नाव चुकीचं नाही. डांबरगोळ्याही वेळेवर मिळतात. पण रुखमिणीबाईने त्यानंतर बोडीत बीज सोडलं नाही. आपल्या हाताला अंदाज नाही, असं ती सगळ्यांना सांगते म्हणे. मित्रांनो, कोणत्याही जिवाला नाव देण्याआधी भिंगातून दोनदा पाहा. आणि मला वाचा नाही, तुम्हाला आहे. तिच्या गावाकडे गेलात तर एवढं सांगा, की बाई, तुझा हात चुकला नव्हता.