मास्तरांचं फिटिंग

टेलरमास्तरांचा एक ठाम सिद्धान्त होता: कपडा कधी चुकत नाही, माणूस चुकतो. शर्ट आखूड झाला, तर गिऱ्हाईकच उंच झालेलं असायचं. तीस वर्षांत 'माझं चुकलं' हे शब्द त्यांच्या तोंडून दुकानात निघाले नव्हते, आणि घरात तर नाहीच नाही.

अशा माणसाच्या बायकोला समुद्रावर आल्यावर रबरी बोटीत बसायची हौस आली. मोटरबोटीमागे उधळणारी ती लांबोडकी बोट! पोहता दोघांनाही येत नव्हतं. मास्तर तर पाण्यात घोट्यापलीकडे जात नसत. बोटवाल्याने तिला नारिंगी लाइफ जॅकेट दिलं. ते अंगात चढवून तिने स्वतःकडे पाहिलं आणि तिचा चेहराच पडला.

"अहो, ही काय मी गुंडाळलेली गादी! मी नाही जात."

मास्तरांचे हात शिवशिवले. "काढ इकडे. दहा मिनिटं दे."

कात्री आणि सुईदोरा खिशात कायमचेच. कपडे बदलायच्या खोलीमागे बसून त्यांनी शिवण उसवली आणि आतल्या फोमच्या जाडजूड लाद्या बाहेर काढल्या. कोणत्या गाढवाने एवढं भरलंय, असं पुटपुटत दोन टाके कमरेत घेतले, दोन काखेत. माणसाला वाचवतात ते पट्टे, अशी त्यांची पक्की समजूत. जॅकेट असं काही बसलं की बायको चक्क लाजली. बोटवाल्यानेही सगळ्यांचे पट्टे ओढून पाहिले आणि तिच्यापाशी थांबून म्हणाला, "बघा, असं घट्ट बसायला हवं!" मास्तरांना दोन मुठी मांस चढलं.

मंडळी बोटीवर बसली. मग बोटवाल्याने भोंगा तोंडाला लावला. "शेवटी बोट मी मुद्दाम उलटवणार आहे. घाबरायचं नाही. पोहता येत नसलं तरी चालेल. जॅकेटमधला फोम तुम्हाला वर आणतो."

मास्तरांनी आपल्या काखेतल्या लाद्यांकडे पाहिलं.

बोट तर सुटलीसुद्धा. मास्तर धावले. गुडघाभर पाणी, कंबरभर पाणी, छातीभर पाणी, दोन्ही हातांत फोम नाचवत ते ओरडत होते, "थांबा! थांबा हो!" पण इंजिनापुढे त्यांचं कोण ऐकणार? शेवटी त्यांनी बेंबीच्या देठापासून बोंब ठोकली, "अगं, माझं चुकलं!"

बायकोने गर्रकन मान वळवली.

"बोट थांबवा!" ती किंचाळली. "काहीतरी भयंकर झालंय! हे 'माझं चुकलं' म्हणतायत!"

बोट मागे फिरवून बोटवाल्याने मास्तरांची यथेच्छ खरडपट्टी काढली. त्यांनी ती मान खाली घालून ऐकली. दुसरं, आणखीच फुगीर जॅकेट आलं, त्याचे पट्टे त्यांनी स्वतः आवळले.

"जाडी दिसतेय ना?" बायकोने विचारलं.

"दिस," मास्तर म्हणाले. "खूप जाडी दिस."

बोट दूर गेली, वळली आणि ठरल्याप्रमाणे उलटली. सगळी डोकी एकदम दिसेनाशी झाली. मग एकेक नारिंगी जॅकेट वर आलं. एक, दोन, पाच, सहा, आणि त्यानंतर ती, खोकत, हसत. मास्तर ओल्या विजारीनिशी वाळूत बसले आणि चारचौघांदेखत हमसून हमसून रडले.

"अहो, बघितलंत का?" किनाऱ्याला लागताच ती ओरडली.

त्यांनी बघितलं होतं. तेवढंच बघितलं होतं.