आधी मेबलचं नाव

मित्रांनो, हात लावणार असाल तर कडेला लावा. मी एक जुना फोटो आहे, काळापांढरा, आणि बोटांचे डाग माझ्या अंगावरून जात नाहीत. सॅन दिएगोजवळच्या समुद्रात, अमेरिकी नौदलाच्या एका छोट्या बोटीवर माझा जन्म झाला.

माझ्यात दोघं आहेत. खलाशी ओरिन आणि मेबल नावाची डॉल्फिन. तिला मासा म्हणू नका बरं, ओरिनला राग यायचा! तळाशी पेरलेले सुरुंग शोधायला त्यानेच तिला शिकवलं होतं. त्या दिवशी ती पहिल्यांदाच जाळ्याबाहेर, खुल्या समुद्रात सुटली. ना दोरी, ना कुंपण.

“गेली रे तुझी लेक सासरी!” सोबती चिडवत होते. “आता कसली येतेय परत!”

ओरिनच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एवढ्यात लांबवर, मेबलने तळाशी सोडलेला खुणेचा तरंगता गोळा पाण्यावर आला. सुरुंग सापडला! ओरिनने आनंदाने शिट्टी फुंकली आणि लगेच कपाळावर हात मारून घेतला. शिट्टी म्हणजे ‘शाब्बास, ये, मासा घे’. मासा हाताशी नसेल तर ती फुंकायचीच नाही, असा तिथला दंडक. आणि माशांची बादली हा गडी धक्क्यावरच विसरला होता.

मेबल आली. तिने रिकामा हात पाहिला. मागे अख्खा प्रशांत महासागर मोकळा होता, हवे तेवढे मासे होते. तरी ती गेली नाही. तिने हनुवटी त्याच्या तळहातावर टेकवली आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याची कळ दाबली गेली. ती का थांबली, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. नुसतं आठवलं तरी मी थक्क होतो.

आधी माझं फार कौतुक झालं. मी कचेरीच्या भिंतीवर मिरवलो. मग रंगीत फोटो आले आणि माझी रवानगी दप्तरखान्यातल्या खोक्यात झाली. पाठीवर कुणीतरी खरडलं, ‘खलाशी, नाव माहीत नाही. प्राणी.’

पुढे जागा अपुरी पडू लागली. ज्या फोटोत कुणाचंच नाव नाही, तो यंत्रात घालून कातरायचा, असं ठरलं. हे काम दप्तरखाना सांभाळणाऱ्या रोवेनाबाईंकडे आलं. त्यांच्या जिवावर आलं होतं. जुन्या खलाशांकडे चौकशी करकरून त्यांनी ओरिनला शोधून काढलं. तो काठी टेकत आला.

“हे तुम्हीच ना?”

“मीच. पण आधी हिचं नाव लिहा. मेबल.”

“आजोबा, प्राण्याच्या नावाला इथे जागाच नाही हो. तुमचं सांगा, म्हणजे फोटो वाचेल.”

“मग माझंही राहू द्या.”

“अहो, हट्ट कसला करताय? कातरला जाईल!”

“जाऊ दे. बाई, त्या दिवशी सुरुंग मी शोधला नव्हता.”

शेजारच्या खोलीत यंत्र घरघरत होतं. मी भ्यायलो, खोटं कशाला बोलू? रोवेनाबाईंनी चष्मा पुसला, मला पालथं केलं आणि ‘नाव माहीत नाही’वर आणि ‘प्राणी’वर काट मारली. तिथे लिहिलं, ‘नौदल कर्मचारी’. पुढे दोन नावं घातली, मेबल आणि ओरिन टॅकेट.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखाद्या डब्यात माझे भाऊबंद असतील. सांगणारं माणूस आहे तोवर त्यांच्यातल्या सगळ्यांची नावं विचारून घ्या. आणि कोपऱ्यात एखादं कुत्रं बसलेलं दिसलं, तर त्याचंही विचारा.