सफाईसाहेबांची शेवटची पाणथळ

खात्यात त्यांना सगळे सफाईसाहेब म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही. पंचवीस वर्षांत त्यांनी शहराच्या वरच्या अंगाचे ओढे सरळ केले, काठांना काँक्रीट लावलं, झाडझाडोरा म्हणून शिल्लक ठेवला नाही. खालच्या वस्तीत मात्र वर्षाआड पाणी शिरायचं, आणि नेमकी तिथेच त्यांची ताई राहायची. "पाऊसच वाढलाय ताई, आम्ही काय करणार?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

अशा माणसाला निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. विषय काय, तर हवामान बदलतंय, तेव्हा पाणथळी आणि काठावरची झाडी यांच्याच मदतीने पूर कसा सांभाळायचा. पहिल्या दिवशी साहेब मागच्या रांगेत चक्क घोरले. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक बाईंनी टेबलावर दोन तिरक्या पन्हळी मांडल्या. एक गुळगुळीत, दुसरीत मुळांसकट गवताची ढेकळं. दोन्हींत एकेक बादली पाणी ओतलं. गुळगुळीत पन्हळीतलं पाणी धाडकन सुटलं ते थेट साहेबांच्या मांडीवर! वर्ग खो खो हसला. गवतातलं पाणी आपलं सावकाश झिरपत राहिलं. साहेब ओल्या पँटीनिशी तसेच बसून होते. ताईच्या घरात पाऊस एकटा शिरत नव्हता, आपण त्याला वाट करून देत होतो, हे त्यांना कळलं.

तिसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "कुणाच्या हद्दीत एखादी पाणथळ उरलीय का? शेवटच्या दिवशी बघायला जाऊ."

साहेबांनी शाळकरी पोरासारखा हात वर केला. होती एक, वस्तीच्या बरोबर वर, पाणकणसांनी गच्च भरलेली. यंत्र अजून तिथवर पोचलं नव्हतं, एवढंच तिचं नशीब.

संध्याकाळी त्यांनी ताईला फोन केला. "ताई, वरची पाणथळ मी राखणार, ओढ्याचं पाणीही तिच्यात वळवणार. यंदा तुझ्या घरात पाणी आलंच तर फार थोडं येईल. शब्द देतो."

"बघ हं. मग यंदा सामान माळ्यावर चढवत नाही. गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलाय."

दुसरा फोन वीस वर्षं हाताखाली असलेल्या मुकादमाला. "परवा बाहेरचे पाहुणे ती पाणथळ बघायला येतायत. तयारी ठेव." बस्स, एवढंच बोलले.

"काळजीच सोडा साहेब," मुकादम म्हणाला.

पाचव्या दिवशी गाडी थांबली. सगळे उतरले आणि जागच्या जागी उभे राहिले. पाणकणसाची एक काडी नव्हती. मुळं उपटून ट्रकमधून नेलेली, मधोमध चर खणून पाणी काढून दिलेलं, जमीन तळहातासारखी सपाट. एका बाजूला खुर्च्या मांडलेल्या. मुकादम घामाने निथळत, पण खुशीत पुढे आला.

"दोन दिवस यंत्र बंद नाही केलं साहेब! पाहुण्यांसमोर आपली शोभा नको व्हायला."

"हे कुणी केलं?" बाईंचा आवाज चढला.

मुकादम तोंड उघडणार तोच साहेब म्हणाले, "मी. हात याचे, शिकवण माझी. वीस वर्षांची."

मुकादमाचा चेहरा उतरला. "साहेब, चुकलं का काही?"

"तुझं नाही रे."

त्याच खुर्च्यांवर बसून साहेबांनी त्याला पन्हळीपासून सगळं सांगितलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वीस वर्षांत मुकादमाला त्यांनी हुकूम दिले होते, कारण कधी दिलं नव्हतं. तो मान खाली घालून ऐकत होता.

"एवढंच होतं, तर फोनवर का नाही बोललात साहेब?" तो म्हणाला. "मी इथे कुणाला पाय ठेवू दिला नसता."

चर आज बुजवता आला असता, पण मुळं धरायला तीन-चार वर्षं जाणार होती. पाऊस दहा दिवसांवर आला होता. बाजूला जाऊन त्यांनी ताईला फोन लावला.

"ताई, सामान वर चढवायला हवं."

"अरे, तू तर शब्द दिला होतास."

"दिला होता. ज्याला सांगायचं त्यालाच सांगितलं नाही. माझीच चूक."

ताई म्हणाली, "लवकर ये. पलंग मला एकटीने हलत नाही."