हळदीची कळशी

उत्तरेश्वरला इंग्रजी म्हणून दोनच शब्द यायचे, 'नो प्रॉब्लेम'. आणि नेमके तेच त्याने आधी वापरून टाकले.

जर्मनीहून निघून अकरा देश तुडवत आलेला तो गोरा पाहुणा वडवणीच्या अलीकडे वाफाळणारी मोटारसायकल ढकलत त्याच्या गॅरेजपाशी आला, तेव्हा चहाच्या टपरीवरची सगळी रिकामी मंडळी गोळा झाली. पेरणी नाही, पाणी नाही. दुष्काळात तेवढीच करमणूक. उत्तरेश्वरने जन्मभर गाड्या खोलल्या, पण पोटात पाणी बाळगणारी फटफटी तो पहिल्यांदाच बघत होता. खडा लागून तिच्या रेडिएटरला भोक पडलं होतं. असलं भोक साखर कारखान्याच्या वर्कशॉपात जोडून मिळालं असतं. तिथेच तो हे काम शिकला होता. पण उसाचं टिपरू नाही म्हणून कारखान्याला दोन वर्षं कुलूप. नवा भाग यायला वीस दिवस, असं पाहुण्याने दहा बोटं दोनदा उघडून सांगितलं आणि मटकन खाली बसला.

उत्तरेश्वरला त्याची दया आली. मग कारखान्यातले ट्रॅक्टर आठवले. रेडिएटर गळला की पाण्यात मूठभर हळद. गाळ भोकात बसायचा.

"सावित्रे, हळद आन. अन् कळशी बी."

गॅरेजमागेच घर; त्याची बायको सावित्रीबाई दारातून हलली नाही. आत पाच दिवसांची बाळंतीण लेक होती. आज नातीची पाचवी; मायलेकींना न्हाऊ घालून बाळ सटवाईपुढे ठेवायचं, रात्री ती येऊन कपाळावर नशीब लिहून जाते.

"टँकर परवा हाय. घरात पान्याची एकच कळशी हाय. ती काहून मागता?"

"पाव्हणा हाय गं दारचा. तांब्याभरच लागंल."

तांब्याभर म्हणता अर्धी कळशी गेली. गाडी फुरफुरली, चालू झाली, लोकांनी टाळ्या पिटल्या. उत्तरेश्वरची छाती फुगली. पाहुणा शंभर पावलं गेला असेल नसेल, तोच भस्सकन आवाज झाला आणि रस्त्यावर पिवळी धार लागली.

इथे हात आखडता घेतला असता तर शहाणपण झालं असतं. पण चारचौघांत गेलेली पत माणसाला गप्प बसू देत नाही. त्याने गाडी ढकलत आणली, उरलेली हळद टाकली, उरलेलं पाणी ओतलं. भोक आता बोटाएवढं झालं होतं. ओतता ओतताच सगळं खाली मातीत गेलं.

मंडळी हळूहळू पांगली. आत बाळ रडायला लागलं. सावित्रीबाईने कळशी उचलली आणि त्याच्यासमोर पालथी धरली.

"आता सटवाईला काय सांगू? लेकराचं पानी फटफटी प्याली म्हनून?"

उत्तरेश्वरला तोंड वर करवेना. बाई काय म्हणाली म्हणून पाहुणा त्याच्याकडे बघत होता, पुन्हा पुन्हा हाताने विचारत होता.

"नो प्रॉब्लेम," उत्तरेश्वर म्हणाला.