लोकघराचं दार

आमच्या हालोस गावात लोकघर आहे. गावाची बोलणी, निवाडे, पाहुण्यांची जेवणं, सगळं तिथेच. ते सगळ्यांना मोकळं, फक्त आमच्या घराण्यातल्या थोरल्याला बंद. का, तर आमचा मूळपुरुष अथामास राजा. दुसऱ्या बायकोच्या नादी लागून यानं पोटच्या पोराला बळी द्यायला वेदीवर चढवलं. पोरगं सोनेरी मेंढ्यावर बसून निसटलं, पुढे राजालाच बळी द्यायची वेळ आली तर तोही वाचला, आणि देवाचा राग आला आमच्या माथी! घराण्यातला हयात थोरला लोकघरात सापडला, की तो बाहेर येतो तो गळ्यात माळा घालून, वाजतगाजत, बळी जायलाच. राज्य कुठल्या कुठे गेलं. वारसा म्हणून आम्हाला एवढंच मिळालं.

माझा नवरा जन्मभर त्या दारावरून मान खाली घालून गेला. तो वारला आणि थोरलेपण आमच्या थोराक्सकडे आलं. "आई, रोज त्या दाराकडे बघत जगणं मला नाही जमायचं," असं म्हणून माझं पोर गाव सोडून समुद्रापार सिनोपेला गेलं. लग्नाचं नावही काढलं नाही त्यानं. धाकट्या निकेअसला मात्र लोकघरात मान. जिभेवर साखर आहे ना मेल्याच्या!

त्या दिवशी लारिसाहून पाहुणे आले होते, निकेअस सकाळपासून आत होता. मी अंगणात मासे साफ करत होते. सिनोपेच्या फेऱ्या करणारा दोर्किस खलाशी दारात येऊन उभा राहिला.

"काकू, थोराक्स गेला."

असं काही कानावर आलं तर मी ऊर बडवून घेईन असं मला वाटायचं. काहीच झालं नाही. हातातला मासा मी पुरा साफ केला. मग डोक्यात एकच गोष्ट आली. थोराक्स गेला म्हणजे आता थोरला निकेअस. आणि निकेअस आत आहे.

"कुणाशी बोललास?"

"कुणाशी नाही. बंदरातून सरळ तुमच्याकडेच आलो."

"मग सरळ बंदरात जा. आत्ताच्या आत्ता नाव सोड. पाणी भरायचं ते पुढच्या गावात भर."

"अहो काकू, ऐकून तरी घ्या."

"निघ म्हणते ना!"

तो बिचारा डोळे पुसत गेला. मी हात धुतले आणि लोकघराकडे चालू लागले.

देवाला सगळं ठाऊक असेल. असेना का! देव काही दारात पहारा देत नाही. पहारा देतो सीमोस, माझ्या नवऱ्याचा बालमित्र. माणूस प्रेमळ, पण रीत म्हणजे रीत. त्याच्या कानावर गेलं असतं तर रडत रडत का होईना, त्यानं दार लावून घेतलं असतं.

"काय वहिनी, आज इकडे कुणीकडे?"

"निकेअसला बोलाव रे. सुनेच्या पोटात दुखतंय."

सीमोस आत जाऊन आला. "जेवण उरकून येतो म्हणाला. पाहुण्यांना सोडून कसा उठणार? बसा तुम्ही. थोरल्याची काय खबर?"

"लग्न करतोय," मी म्हणाले. कुठून आलं तोंडात, देव जाणे.

"अरे वा! मुलगी कशी आहे?"

"उंच आहे. बोलते फार."

"म्हणजे सासूवरच गेली!" सीमोस पोट धरून हसला. मीही हसले. तो विचारत गेला, मी सांगत गेले. नाक, केस, बापाची गलबतं. मेलेल्या पोराचा संसार मी त्या पायरीवर बसून मांडला, आणि माझा आवाज एकदाही कापला नाही.

अखेर निकेअस दारात आला. एक पाय उंबऱ्याबाहेर, एक आत, आणि मागे वळून कुणाशी तरी थट्टा चाललेली.

"निकेअस, आधी बाहेर ये बघू."

"आलो गं बाई, काय घाई आहे!" म्हणत तो बाहेर आला.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? थोराक्स गेल्याचं कळलं त्याच दिवशी मला पोटभर आनंद झाला.

वळणापलीकडे अंजिराखाली मी त्याला सांगितलं. तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"कसा गेला गं दादा? आजारी होता का?"

मी त्याचे डोळे पुसायला गेले, त्यानं माझा हात बाजूला केला.

"आई, कशानं गेला? कुणी होतं का जवळ? कुठे पुरलं त्याला?"

"मी विचारलंच नाही," मी म्हणाले.

तो उठून बंदराकडे धावला. मागोमाग मी गेले. दोर्किसनं माझा शब्द मोडला नव्हता. धक्क्यावर कुणीच नव्हतं.