घेराचं माप

पूर्ण गोल घेराचा स्कर्ट कापायला सोपा. कापडाची चौपदरी घडी घालायची, कोपऱ्यात दोरी धरून खडूने कमान काढायची की झालं. खरी मेख खालच्या काठाला. तिरकं कापलेलं कापड कुठे लोंबतं, कुठे आखडतं. म्हणून दोन दिवस टांगायचं, मग अंगात घालून ताठ उभं राहायचं आणि दुसरं कोणीतरी जमिनीपासून माप घेत भोवती टाचण्या लावत जाणार.

हे दुसरं कोणीतरीच तिच्याकडे नव्हतं.

"टांगलास ना गं?" आईने फोनवर विचारलं.

"दोन दिवस दारामागे लटकतोय. घरात माणूस असल्यासारखं वाटतं."

आई हसली. "तुझ्या आजीच्या तरुणपणी कापड मोजून मिळायचं. स्कर्ट कसले, उशीचे अभ्रे! टंचाई सरली आणि पोरींनी घेराला वारच्या वार कापड उधळलं. गिरकी घेतली की छत्री. म्हातारे नाकं मुरडायचे आणि वळून वळून बघायचेही." मग थांबून, "काठ कोण मापतंय?"

"आहे एक मैत्रीण," तिने थाप मारली.

मैत्रिणी शनिवारी भेटणार होत्या, कॉलेजच्या. तिथे तिला सगळ्या भिंगरी म्हणायच्या, असल्याच एका स्कर्टमुळे. बाळ झाल्यापासून त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. नवरा बाळाला सांभाळणार होता. दोन तास तिला भिंगरी म्हणून जायचं होतं. बस्स, एवढंच.

आरशासमोर तिने एकटीने मापून पाहिलं. पुढे वाकली की मागचा काठ वर. शेवटी टाचण्यांची डबी घेऊन तिने समोरचं दार वाजवलं. बाळ कडेवरच. घरात एकटं ठेवायचं तर टेबलाचे कोपरे होते, विजेची बटणं होती.

समोरच्या निवृत्त नर्सबाईंशी, इथे राहायला आल्यापासूनच्या अकरा महिन्यांत, नुसतं हसणंच झालं होतं. त्या गुडघ्यांवर बसल्या. "सुई दंडात टोचायची तर डोळे मिटून टोचली असती. पिल्लाला ठेव की गालिच्यावर."

"नको, रडेल."

बाळ रडणार नव्हतं. तिलाच ठेववत नव्हतं.

अर्धा तास कोणीतरी तिच्याभोवती हळूहळू फिरत होतं. ते संपू नये असं तिला वाटलं. "झालं," म्हणून बाई उठल्या आणि तिच्या पाठीमागे त्यांचं दार लागलं.

शनिवारी बाळ नवऱ्याकडे देऊन तिने आरशात पाहिलं. डावीकडे काठ दोन बोटं खाली! तिने बाळाला पुन्हा कडेवर घेतलं. काठ सरळ. बाळाने वर उचललेल्या घेराचंच माप घेतलं गेलं होतं.

"उसवायला वेळ नाही. घेऊनच जाऊ का हिला?"

"अगं, तू एकटी जाणार होतीस ना?"

बाळाने तिचा गळा धरला होता. तिने एकेक बोट सोडवलं, बाळ त्याच्याकडे दिलं आणि जिना उतरली.

बसथांब्यावर कोणी नव्हतं. समोरच्या दुकानाच्या काचेत तिने काठ पाहिला, तर तो अगदी सरळ होता. सवयीने ती डावी कंबर बाहेर काढून उभी होती, आणि डावा हात कोणालाच धरून नव्हता.