ताई आज नाहीत

“चार वाजेपर्यंत मी नाही,” असं म्हणत आईने स्वतःचा फोन बंद केला, टेबलाच्या खणात टाकला आणि खणाची किल्ली आजोबांच्या हातात दिली. “कुठं आहे, कधी येणार, काही माहीत नाही. मला विचारायचं नाही, मी सांगायचं नाही.”

“आणि अगदीच अडलं तर?” आजोबांनी विचारलं.

“अडू दे की. कुठं अडतंय तेच तर बघायचंय.”

हे आजोबा माझे कुणी नव्हेत. वय चोपन्न, टीममध्ये सगळ्यात मोठे, शिवाय चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत बसायची सवय, म्हणून ऑफिसात ते आजोबा. आई त्या टीमची प्रमुख. तिच्या हाताखाली सहा जण, आणि सहाही जण तिला ताई म्हणतात, आजोबासुद्धा.

शाळेने आम्हा नववीच्या मुलांना दोन दिवस दिले होते. घरातल्या कुणाचंही काम जवळून पाहायचं आणि लिहून आणायचं. मी आईला निवडलं, कारण घरी ती कामाबद्दल दोनच वाक्यं बोलते, “झालं एकदाचं” आणि “अजून नाही झालं.” मधलं सगळं मला बघायचं होतं.

मधलं म्हणजे हे. शहरात बावीस रक्तपेढ्या. कुठल्या पेढीत कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत ते आईच्या टीमच्या स्क्रीनवर दिसतं. पेढ्या दर अर्ध्या तासाने आपला आकडा पाठवतात. रुग्णालयाने मागणी केली की टीम जवळच्या पेढीला कळवते आणि तिथून गाडी निघते. अकरा वर्षांपूर्वी आईने हे उभं केलं तेव्हा मी नुकती बालवाडीत जायला लागले होते.

आणि दर महिन्याला एकदा, न सांगता, ती ‘गैरहजेरीचा दिवस’ पाळते. कधी एखादा संगणक मुद्दाम बंद करायचा, कधी एखाद्या माणसाला कामावर असून नसल्यासारखं बसवायचं. बाकीच्यांनी त्याच्यावाचून काम रेटायचं. “एकाच डोक्यात अडकलेली गोष्ट त्या दिवशी बाहेर येते,” आई म्हणते. आजवर सहाही जण एकेकदा गैरहजर होऊन बसले होते. आई कधीच नाही.

आज तिने स्वतःला निवडलं, कारण आज साहेब बघायला आले होते.

साहेब चार महिन्यांपूर्वी वरच्या मजल्यावर आले. बोलायला गोड, कपडे कडक इस्त्रीचे. येताना त्यांनी एक एआय आणला, आकडे वाचणारा, मागणीला उत्तर देणारा, कोणती गाडी कुठं पाठवायची ते सुचवणारा. गेले दोन आठवडे तो टीमबरोबर चालत होता. आता साहेबांचं म्हणणं, एवढा मदतनीस असताना सहा माणसं कशाला, तीन पुरतील. चार वाजता ते ठरवणार होते. तीन माणसं गेली असती तर पहिली चिमणी गेली असती. ती सगळ्यात नवी. आवाज इतका बारीक की समोरच्याला कान पुढे करावा लागतो, म्हणून चिमणी.

सकाळी गाडीत मी आईला विचारलं होतं, “आणि तुझ्यावाचून सगळं नीट चाललं तर? मग साहेब म्हणतील, ही तरी कशाला हवी?”

“म्हणू देत,” आई म्हणाली आणि गिअर बदलला.

मी आणि आई जेवणाच्या खोलीत जाऊन बसलो. ही पूर्वी संगणकांची खोली होती. तीन वर्षांपूर्वी आईने हट्ट करून सगळं क्लाउडवर नेलं, संगणकांची कपाटं गेली, टेबलं आली. पण थंडावा कपाटांच्याच मापाचा राहिला, त्यामुळे इथे लोक स्वेटर घालून जेवतात. काचेच्या भिंतीतून समोरची टीम दिसते.

“क्लाउड म्हणजे नक्की काय लिहू?” मी वही उघडली.

“दुसऱ्याच्या इमारतीत भाड्याने घेतलेली खोली लिही. इमारत चांगली आहे, वीज जात नाही, झाडलोट आपल्याला करावी लागत नाही. मी उगाच नाही नेलं तिकडे. पण खोलीत काय ठेवलंय ते आपल्यालाच माहीत असायला लागतं. मालक नाही सांगणार.”

“आणि एआय?”

“हुशार आहे. परवा आजोबा दोन दिवस शोधत होते ती चूक त्याने दहा मिनिटांत काढून दिली. मी तर माझी पत्रंही त्याच्याकडून लिहून घेते. फक्त ‘मला माहीत नाही’ एवढं म्हणायला त्याला कुणी शिकवलं नाही.”

टीमने त्याचं नाव जावईबापू ठेवलंय. वाजतगाजत आले, सगळ्यात चांगली जागा मिळाली, आणि त्यांना काही बोलायची सोय नाही.

साडेअकराच्या सुमारास समोर हालचाल झाली. चिमणी खुर्चीतून अर्धी उठली. मी दार किलकिलं केलं. ऐकायला बंदी नव्हती.

एका रुग्णालयात बाळंतीण अडली होती. एक वाजता शस्त्रक्रिया. ओ निगेटिव्हच्या चार पिशव्या हव्यात. स्क्रीनवर जवळच्या पेढीपुढे नऊ हा आकडा होता आणि त्याखाली जावईबापूंची सूचना, इथून पाठवा.

“मग पाठवा,” मागे उभे असलेले साहेब म्हणाले. “बघा, अर्ध्या मिनिटात उत्तर.”

चिमणीने फोन उचलला होता. “एकदा पेढीला विचारते, सर.”

“स्क्रीनवर नऊ दिसतायत ना?”

“दिसतायत. पण सकाळी साडेनऊलाही नऊच होते. दहालाही. या पेढीत इतका वेळ आकडा हलत नाही असं होत नाही.”

पेढीच्या कोठाराचा फोन वाजत राहिला. कुणी उचलेना. तिने परत लावला.

मी आईकडे पाहिलं. दोन्ही हात टेबलावर सपाट. आईला काहीतरी माहीत असलं की ती अशी बसते. माझी प्रश्नपत्रिका वाचतानाही ती अशीच बसते.

“तुला काय माहितीय?” मी विचारलं.

“त्या कोठारातला माणूस आतल्या थंड खोलीत गेला की त्याला फोन ऐकू येत नाही. मी अशा वेळी फाटकावरच्या पहारेकऱ्याला लावते. तो आत जाऊन बघून येतो.”

“त्याचा नंबर?”

“पाठ आहे मला.”

“मग मी जाऊन सांगते त्यांना.”

आईने माझी बाही धरली. “बस.”

“अगं, तिकडे बाई अडलीय.”

“मला कळतंय. गाडी बाराला निघाली तरी वेळेत पोचते. आत्ता अकरा चाळीस. बाराला दहा कमी असताना मी उठणार, मग खेळ गेला उडत. तोपर्यंत त्यांना त्यांचं डोकं लावू दे.”

“एवढा महत्त्वाचा नंबर लिहून का नाही ठेवलास कुठं?”

आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

तेवढ्यात साहेब दारात आले. “मॅडम, तुमच्या टीममधली ती नवी मुलगी उगाच वेळ घालवतेय. जरा सांगा तिला.”

आईने खिडकीबाहेर पाहिलं.

“मॅडम?”

“त्या आज नाहीत,” मी म्हणाले. “चार वाजता येतील. काही निरोप?”

साहेबांना हसावं की रागवावं कळेना. ते परत फिरले आणि तिकडे जाऊन म्हणाले, “हे बघा, हा दोन आठवडे एकदाही चुकलेला नाही.”

“जावईबापू काल...” आजोबांच्या शेजारचा एक जण बोलून गेला.

“जावईबापू कोण?”

बोलणाऱ्याने स्क्रीनमध्ये डोकं घातलं.

“आमच्या घरचे आहेत, सर,” आजोबा चष्मा पुसत म्हणाले. “त्यांचं वेगळंच असतं.”

चिमणीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती स्वतःच्या फोनमध्ये काहीतरी शोधत होती. आईचा एक नियम आहे, टीममध्ये नवं येईल त्याने पहिला आठवडा खुर्चीवर बसायचं नाही, रक्ताच्या गाड्यांमधून फिरायचं. चिमणीला तो आठवडाभर गाडी लागत होती. एक ड्रायव्हर तिला रोज पुढच्या सीटवर बसवायचे आणि खिडकी उघडी ठेवायचे. तिने त्यांना फोन लावला.

“काका, मी. हो, तीच, उलट्यावाली. तुम्ही सकाळी त्या पुलापलीकडच्या पेढीत गेला होतात का?” मग बराच वेळ ती नुसतं ऐकत होती. तिने फोन ठेवला आणि तिचा आवाज पहिल्यांदाच मला दार न उघडताही ऐकू आला असता. “तिथं एकही पिशवी नाही. सकाळी त्यांचा फ्रीज बंद पडला. सगळा माल दुसऱ्या दोन पेढ्यांत हलवलाय, काकांनीच नेला. दुरुस्तीवाला आत बसलाय, त्या गडबडीत आकडा पाठवायचं राहिलं.”

“मग हे नऊ कुठून आले?” साहेबांनी विचारलं.

आजोबा स्क्रीनवर वाकले. “आकडा आला नाही म्हणून यानेच भरलाय. रोजच्या हिशेबाने या वेळी किती असतील त्याचा अंदाज. आणि अंदाज दाखवलाय तो खऱ्या आकड्यासारखाच.”

बाकीचं फार भराभर झालं. माल हलवलेल्या त्या दोनपैकी जवळच्या पेढीत पाच पिशव्या होत्या. चिमणीने कोठारातल्या माणसाला त्या हातात धरून मोजायला लावल्या. अकरा अठ्ठेचाळीसला गाडी निघाली. आईचे हात टेबलावरून उठले, आणि तिने माझ्या डब्यातला अर्धा घास न विचारता खाल्ला.

पाऊण वाजता रुग्णालयाचा निरोप आला, पिशव्या मिळाल्या. आजोबांनी आमच्या काचेवर बोटाने टकटक केलं, काहीही न सांगता अंगठा दाखवला आणि नियम मोडला नसल्यासारखे निघून गेले.

“तुझा फोन दे जरा,” आई मला म्हणाली.

तिने पाठ असलेला नंबर दाबला. मी तिच्या खांद्यावरून फोनला कान लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई शांतपणे सांगत होत्या. आईने पुन्हा दाबला, एकेक आकडा बघून. पुन्हा त्याच बाई.

“शेवटचा कधी लावला होतास?”

“सहा महिने झाले असतील. त्या पहारेकऱ्याने नोकरी सोडली असेल, नाहीतर नंबर बदलला असेल.” तिने फोन माझ्यापुढे सरकवला. “बाराला दहा कमी असताना मी रुबाबात उठले असते, सगळ्यांना बाजूला सारलं असतं आणि हा नंबर लावत बसले असते.”

“मग तू दुसरं काहीतरी केलं असतंस.”

“केलं असतं. दहा मिनिटं घालवून.” मग ती हसली, खरंखुरं. “म्हणजे या घरात जावई दोन आहेत तर.”

चार वाजता ती खोलीबाहेर आली तेव्हा साहेब टीमच्या मधोमध खुर्ची घेऊन बसले होते. मघाशी ते उभे होते. हा माणूस वाईट नाही, हे मी वहीत लिहिलंय. चूक दिसल्यावर ते वर निघून गेले नाहीत. त्यांनी चिमणीला विचारलं, “काय बदलायचं?”

“त्याला काढायचं नाही, सर,” चिमणी म्हणाली. “रोजचं किचकट काम तो चांगलं करतो. फक्त अंदाज असेल तर अंदाज म्हणावं. आकडा आला नसेल तिथं रिकामी चौकट दाखवावी. रिकामी चौकट दिसली की आम्ही फोन करतो.”

“आणि फोन करायला माणसं लागतात.”

“हो, सर.”

साहेबांनी मान डोलावली. “सहाच्या सहा राहतील.” मग ते आईकडे वळले. “पण मॅडम, एक बोलू? तुमच्यावाचून चाललं की सगळं.”

आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला.

“चालणारच,” आई म्हणाली. “अकरा वर्षं तेच तर करतेय. उद्यापासून हे टेबल हिच्याकडे. मागण्या, गाड्या, आणीबाणी, सगळं. मी बाहेरच्या छोट्या पेढ्या जोडायला घेते. अजून तिथं पिशव्या वहीत मांडतात. कितीदा पुढं ढकललंय ते.”

“ताई, मी?” चिमणी म्हणाली. आवाज परत बारीक झाला होता.

“नाहीतर काय जावईबापू?”

आता साहेबही हसले, बहुतेक कळून.

आजोबांनी खण उघडून दिला. आईने फोन घेतला, पाण्याची बाटली घेतली, कोपऱ्यातली छत्री घेतली. खुर्ची तिच्या उंचीला बसवलेली होती. तिने खालची दांडी ओढून ती चिमणीसाठी दोन बोटं वर केली आणि बसून बघ म्हणून खुणावलं.

आम्ही लिफ्टपाशी पोचलो तेव्हा मागे टेबलावरचा फोन वाजला. आई लिफ्टमध्ये शिरली, वळली नाही, पण तिने पाय दारात अडकवून ठेवला. दार बंद व्हायला यायचं, तिच्या बुटाला लागून परत उघडायचं. फोन तीनदा वाजला.

“बोला,” चिमणीचा आवाज आला.

आईने पाय आत घेतला.